बेटर, बेहतर आणि बेहत्तर

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या घराघरांत एक इंग्रजी शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. तो म्हणजे 'बेटर'. हे कॉलेज बेटर, तो क्लास बेटर, अकोल्यापेक्षा लातूर बेटर, आणि त्याच दिवसांत स्थळ आले असेल तर तेही अमक्याच्या स्थळापेक्षा बेटर. घरातल्या दादीने कधी इंग्रजी शाळेचे तोंड पाहिलेले नसते. ती पान लावता लावता म्हणते, "हौ बेटा, जो बेहतर होगा वोइच करो." तिच्या मते पोरे तिचाच उर्दू शब्द जरा बिघडवून बोलत असतात.

बेटर आणि बेहतर हे मुळात एकच आहेत का, असे आम्हाला बऱ्याच जणांनी विचारले आहे. अर्थ एक, आवाजही जवळजवळ एक. शिवाय फारसी, संस्कृत आणि इंग्रजी या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या, हे शाळेत शिकवलेले असते. तेव्हा हे दोन शब्द भाऊ-भाऊ असावेत असे कोणालाही वाटेल. भाषेच्या जाणकारांचे उत्तर मात्र 'नाही' असे आहे. हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे.

कसे ते पाहू. फारसीत 'बेह' म्हणजे चांगला, आणि 'तर' हा तुलना दाखवणारा प्रत्यय. तो 'बद'ला लागला की बदतर होते, 'कम'ला लागला की कमतर. हा 'तर' आणि संस्कृतातला 'तर' सख्खे आहेत. त्याचाच मोठा भाऊ 'तम', जो आपली मुले लसावि आणि मसावि काढताना लघुतम व महत्तम या शब्दांत रोज म्हणतात. इंग्रजी बेटरमध्ये मात्र 'ट' हा प्रत्ययाचा नाही, तो मूळ शब्दाचा आहे. प्रत्यय म्हणजे नुसता शेवटचा 'र'. म्हणजे बेहतर तोडायचा तर 'बेह' आणि 'तर', आणि बेटर तोडायचा तर 'बेट' आणि 'र'. सांधाच वेगळ्या जागी आहे.

गंमत अशी की जिथे आपल्याला नाते वाटत नाही तिथे ते आहे. बेस्टमधला 'स्ट' आणि आपल्या श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ यांतला 'ष्ठ' हे खरोखरच एका घरातले. 'ज्येष्ठ' म्हणजे मुळात सर्वांत वडील. आपण मात्र मराठीत 'सर्वांत ज्येष्ठ' असे म्हणतो आणि दोनदा सर्वांत म्हटले हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

दादीच्या 'बेहतर'चीही तीच गोष्ट आहे. फारसीतला 'बेह' हा जुन्या इराणी भाषेतल्या 'अधिक चांगला' या अर्थाच्या रूपापासून आलेला. म्हणजे तुलना त्याच्या पोटात आधीच होती. पुढे लोक ती विसरले आणि त्यावर आणखी एक 'तर' चढवला. थोडक्यात, वर्गात ज्या 'मोअर बेटर'बद्दल मुलांना छडी मिळत असे, तेच काम फारसीने शेकडो वर्षांपूर्वी करून ठेवले आहे आणि त्याला आपण नफीस उर्दू म्हणतो.

आता तिसरा शब्द. हाच बेहतर मराठीत आला आणि 'बेहत्तर' झाला. "उपाशी राहिलो तरी बेहत्तर, पण व्याजाचा पैसा घरात आणणार नाही." इथे बेहत्तरचा अर्थ 'अधिक चांगले' असा उरलेला नाही. तो 'चालेल', 'त्याची पर्वा नाही' असा झाला आहे. मूळ वाक्य काय असेल याचा अंदाज करणे अवघड नाही. व्याज खाण्यापेक्षा उपाशी राहणे बेहतर, असे ते असणार. पुढे तुलनेची एक बाजू वाक्यातून गळाली आणि बोलणाऱ्याचा निर्धार तेवढा मागे राहिला. उर्दू बोलणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाला मराठीच्या पुस्तकात "प्राण गेला तरी बेहत्तर" अशा थाटाचे वाक्य भेटले की तो गोंधळतो. प्राण जाणे चांगले कसे, असे त्याला वाटते. त्याला हा प्रवास समजावून सांगितला तर तो शब्द पुन्हा विसरत नाही. बदतरही असाच मराठीत 'बत्तर' होऊन बसला आहे. "जनावरापेक्षा बत्तर वागणूक" म्हणताना आपण फारसी बोलतो आहोत हे कोणाच्या गावीही नसते. आणि मराठी माणूस ज्या शब्दाशिवाय एकही तुलना पुरी करू शकत नाही तो 'जास्त' हा शब्द अरबी जियादतपासून फारसीमार्गे आलेला. उर्दूतला जियादा त्याच घरातला.

मुलांकडे वळू. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्याआधी मराठी आणि उर्दू शाळांत ते पाचवीला भेटायचे. हा निर्णय ज्यांच्या काळात झाला ते शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे. त्यांचे आडनाव रोमन लिपीत लिहिले की नेमका इंग्रजी 'मोअर' हाच शब्द तयार होतो. जिल्ह्यात मोरे आडनावाची घरे गावोगाव आहेत, तेव्हा बाहेरच्या माणसाने हजेरी घेताना 'मिस्टर मोअर' म्हटल्याचा अनुभव त्यांच्यापैकी कोणाला नसेल तर नवल.

पंचवीस वर्षे पहिलीपासून इंग्रजी शिकूनही 'मोअर बेटर' काही जात नाही. ते जात नाही याचे कारण मुलांचा आळस हे नव्हे. मराठीत तुलना करताना विशेषणाला हात लावावा लागत नाही. मलकापूर गरम आहे. मलकापूर बुलढाण्यापेक्षा गरम आहे. दोन्ही वाक्यांत 'गरम' तसाच्या तसा. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याला मे महिन्यात जे ऊन असते आणि घाटावर बुलढाण्याला संध्याकाळी जो वारा सुटतो, तो सगळा फरक एकटा 'पेक्षा' सांभाळतो. घरातल्या आपल्या दखनीतही तेच: "उससे ये अच्छा है." अच्छा बदलत नाही. वाटल्यास 'जास्त' किंवा 'और' जोडायचे. मूल इंग्रजीत येते तेव्हा ते 'जास्त'साठी मोअर घेते, आणि सरांनी पाठ करून घेतलेले गुड-बेटर-बेस्ट आठवले की त्यातला बेटरही घेते. दोन्ही बाजूंचा हुकूम पाळायचा म्हणून 'मोअर बेटर'.

शेक्सपिअरच्या नाटकांतही अशी दुहेरी तुलना आहे. ती चूक आहे असे इंग्रजीच्या व्याकरणकारांनी बरेच नंतर ठरवले. परीक्षकाला हे सांगून गुण मिळत नाहीत, म्हणून मुलांना एवढे पक्के करून द्यावे: बेटरच्या आधी जोर द्यायचा असेल तर 'मच', 'फार', 'इव्हन' हे शब्द चालतात. मच बेटर, फार बेटर, इव्हन बेटर. 'व्हेरी' आणि 'मोअर' चालत नाहीत. यातला इंग्रजी 'फार' म्हणजे दूर, पण तो नेमका आपल्या मराठी 'फार'च्या जागी बसतो. आमच्या माहितीतल्या एका उर्दू शाळेच्या बाई हे सांगतात तेव्हा वर्ग हसतो, आणि हसलेले लक्षात राहते.

आणखी एक अडचण 'दॅन'ची. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून आले, तिकडे ते स्वतःच तुलनेची रूपे होती. त्यांच्यापुढे इंग्रजीत 'दॅन' न येता 'टू' येतो. बेटरपुढे मात्र नेहमी दॅन. दहावीच्या परीक्षेत 'डिग्री' बदलायला सांगणारा प्रश्न असला की यावर एखादा गुण जातोच.

अरबीची गोष्ट याहून रसाळ आहे, आणि ती आपल्या घरातली आहे. अरबीत विशेषणाचा साचाच बदलून तुलना करतात. कबीर म्हणजे मोठा, अकबर म्हणजे त्याहून मोठा. सगीर म्हणजे लहान, असगर म्हणजे त्याहून लहान. करीमचा अकरम, शरीफचा अशरफ, माजिदचा अमजद, अजीमचा आजम, हसनचा अहसन, फाजिलचा अफजल, ताहिरचा अतहर. मोहल्ल्यात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांची नावे घ्या, निम्मा संघ तुलनेची रूपे असतो. मुलींसाठी साचा वेगळा. अकबरची कुब्रा, असगरची सुग्रा, आजमची उज्मा, अहसनची हुस्ना. हजरत खदीजा यांच्या नावापुढे कुब्रा येते ते याच अर्थाने. इमाम हुसैन यांच्या मुलांपैकी अली अकबर मोठे आणि अली असगर दूधपिते, हा फरक नावांतच आहे. अख्तर मात्र या यादीत घालू नये. कानाला तसाच वाटतो, पण तो फारसी आहे आणि त्याचा अर्थ तारा.

इंग्रजीत गुडचे बेटर होते, गुडर होत नाही. हा बिनशिस्तीचा प्रकार मुलांना छळतो. पण अरबीतही नेमका 'चांगला' हाच शब्द शिस्त मोडतो. 'खैर' हा शब्द चांगल्यासाठीही वापरतात आणि तुलना करताना 'त्याहून चांगल्या'साठीही, रूप न बदलता. फजरच्या अजानमध्ये इतर वेळी नसणारे जे वाक्य येते, नमाज ही झोपेपेक्षा बेहतर आहे अशा अर्थाचे, त्यात हाच खैर आहे आणि त्याच्यापुढे 'मिन' आहे. मिन म्हणजे 'पासून', 'पेक्षा'. रोज पहाटे घाटावरच्या आणि घाटाखालच्या सगळ्या मशिदींतून तुलनेचे एक अगदी पूर्ण वाक्य ऐकू येते: काय बेहतर, आणि कशापेक्षा. शबे कद्रची रात्र हजार महिन्यांपेक्षा बेहतर मानली जाते, तिथेही हीच रचना आहे. हजार महिने म्हणजे त्र्याऐंशी वर्षे चार महिने. तुलना किती नेमकी असू शकते ते पाहा.

याउलट 'अल्लाहु अकबर'मध्ये मिन नाही. कशापेक्षा मोठा, हे सांगितलेलेच नाही. म्हणून भाषांतर करणाऱ्यांची तारांबळ उडते. इंग्रजीत कोणी 'ग्रेट' म्हणतो, कोणी 'ग्रेटर', कोणी 'ग्रेटेस्ट'. मराठीत आपण 'अल्लाह सर्वांत मोठा आहे' असे करतो, आणि तो 'सर्वांत' आपण आपल्या पदरचा घालतो. ज्याच्याशी तुलना होऊ शकेल असे दुसरे काहीच नाही म्हणून तिथे रिकामी जागा आहे, असा खुलासा उलेमा करतात. आम्हाला व्याकरणाच्या अंगानेही हा खुलासा पटतो. माणसांच्या आणि वस्तूंच्या बाबतीत मात्र ही सूट कोणाला नाही. तिथे 'कशापेक्षा' हे सांगावेच लागते.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. लोणारचे विवर जगात तिसऱ्या क्रमांकाचे मोठे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पाहुण्यांना अभिमानाने सांगतोही. उल्कापाताने झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. अमेरिकेत ॲरिझोनामधले प्रसिद्ध बॅरिंजर विवर सुमारे १.२ किलोमीटरचे, म्हणजे लोणार त्याहून मोठे, हे खरे. पण मेक्सिकोतले चिक्शुलुब विवर सुमारे १८० किलोमीटरचे आहे आणि दक्षिण आफ्रिकेतले व्रेडफोर्ट त्याहूनही मोठे होते. त्यांच्यापुढे लोणार म्हणजे परातीपुढे वाटी. लोणारचे मोल दुसरीकडे आहे. ते बेसॉल्ट खडकात झाले आहे, आणि तशी विवरे पृथ्वीवर मोजकीच आहेत. त्यातले पाणी खारे आणि क्षारयुक्त आहे, आणि २०२० साली या सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. एवढे सगळे असताना 'तिसरे मोठे'ची गरज काय होती? पण कोणीतरी कधीतरी एका छोट्या यादीतला क्रमांक सांगितला असेल, यादी कशाची हे गळाले आणि क्रमांक तेवढा राहिला. बेहत्तरमध्ये झाले तेच.

बेटर म्हणजे चांगले नव्हे. हे वाक्य विचित्र वाटेल, पण या शब्दातली खरी मेख इथे आहे. आपल्या मराठीत एक फार शहाणी म्हण आहे: दगडापेक्षा वीट मऊ. वीट मऊ असते का? डोक्यात घातली तर कळेल. ती फक्त दगडापेक्षा मऊ. वासरांत लंगडी गाय शहाणी हेही त्यातलेच. मुलाला सहामाहीत गणितात शंभरपैकी २२ होते आणि आता ३० पडले, तर तो बेटर आहे, यात शंका नाही. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात, आणि तो अजून नापास आहे, यातही शंका नाही. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असतात.

शाळेत याचे फार बिघडत नाही. दवाखान्यात बिघडते.

आमच्या नात्यातल्या एक खाला घाटाखालच्या एका गावच्या. छातीत पाणी झाले म्हणून त्यांना एका मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्यात हलवले. तीन दिवस अतिदक्षता विभागात, श्वासाची नळी लावलेली. रोज सकाळी डॉक्टर बाहेर येऊन दोन मिनिटे बोलत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "शी इज बेटर." तिसऱ्या दिवशीही तेच. मुलगा शिकलेला, इंग्रजी समजणारा. त्याने गावाकडे फोन लावला: "अम्मी अब अच्छे हैं, फिकर मत करो." गावात शेजाऱ्यांना साखर वाटली गेली. खालूजान एसटीने निघायच्या तयारीत होते. त्यांना सांगितले गेले की कापसाचे माप झाले की सावकाश या, घाई नाही. चौथ्या रात्री खाला गेल्या. खालू पोहोचले ते जनाज्यालाच.

डॉक्टर खोटे बोलले नव्हते. पहिल्या दिवशी जेवढा ऑक्सिजन द्यावा लागत होता त्यापेक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी थोडा कमी पुरत होता. कालपेक्षा आज बेटर. मुलाच्या कानावर बेटर पडले आणि त्याच्या तोंडून 'अच्छे' बाहेर पडले, मधल्या मध्ये 'कालपेक्षा' हरवले. मराठीतही हा धोका आहे, कारण आपला 'बरा' हा शब्द दोन्हीकडून बोलतो. "बरा झाला" म्हणजे दुखणे संपले. "बरा आहे" म्हणजे ठीकठाक. आणि "कालच्यापेक्षा बरा" म्हणजे काहीही असू शकते. इंग्रजी बेटरही असाच दुहेरी आहे. तापातून उठलेला माणूस "आय ॲम बेटर नाऊ" म्हणतो तेव्हा तो पूर्ण बरा झालेलाही असू शकतो.

म्हणून दवाखान्यात बेटर ऐकले की तिथल्या तिथे विचारून घ्यावे: कालपेक्षा बेटर की आणले तेव्हापेक्षा? जिवाचा धोका टळला का? घरच्यांना बोलवून घेऊ का? डॉक्टर कामात असतात, पण यातला शेवटचा प्रश्न विचारला की बहुतेक डॉक्टर थांबतात आणि सरळ बोलतात. 'स्टेबल' या शब्दाचेही असेच आहे. स्टेबल म्हणजे स्थिती बदललेली नाही. वाईट स्थितीही न बदलता राहू शकते. आणि घरी फोन करणाऱ्याने शक्यतो डॉक्टरांचेच वाक्य जसेच्या तसे सांगावे, त्याचे 'अच्छे हैं' करू नये. खालूंना आम्ही नंतर अनेकदा भेटलो. ते कोणाला दोष देत नाहीत. कापसाचे माप मात्र त्यानंतर त्यांनी स्वतः कधी केले नाही, ते काम धाकट्या भावाकडे गेले.

बेटरचा एक वापर असा आहे की तिथे शब्द गोड आणि सूर कडक असतो. तो म्हणजे 'हॅड बेटर'. यात हॅड दिसतो म्हणून मुले भूतकाळ समजतात. तो भूतकाळ नाही. "यू हॅड बेटर गो" म्हणजे "तू आता गेलेला बरा". आणि हे मराठी भाषांतर शब्दाला शब्द जुळते! गेलेला हे रूपही भूतकाळी दिसते, बरा म्हणजे बेटर, आणि अर्थ मात्र आताचा. इंग्रजीत आणि मराठीत अशी हुबेहूब जोडी फार कमी ठिकाणी सापडते, तरी व्याकरणाच्या पुस्तकांत ती दाखवलेली आम्ही पाहिली नाही. शिकवताना एवढेच सांगावे की हॅड बेटर म्हणजे '-लेलं बरं'. मग त्यातली धमकीही आपोआप कळते. "गप्प बसलेलं बरं" हे आपण कोणाला म्हणतो? लहानाला, बरोबरीच्याला, भांडणात. साहेबाला म्हणत नाही.

नोकरीला लागलेली आपली मुले इंग्रजीत अर्ज लिहितात तेव्हा इथे घसरतात. ईदसाठी तीन दिवसांची रजा हवी असते. नम्रपणे लिहायचे म्हणून लिहितात की तुम्ही मला रजा दिली तर बरे होईल, आणि इंग्रजीत त्याचे "यू हॅड बेटर ग्रँट मी लीव्ह" करतात. साहेबाच्या कानाला ते "रजा दिलेली बरी, नाहीतर..." असे लागते. त्याऐवजी "आय वुड बी ग्रेटफुल इफ..." असे लिहावे. बेटरच हवा असेल तर "इट वुड बी बेटर इफ..." चालेल, पण तोही सल्ल्यासारखा वाटतो. रजेच्या अर्जात साहेबाला सल्ला कशाला!

बाकीचे उपयोग भरभर सांगतो. 'बेटर ऑफ' म्हणजे पैशाने बऱ्या स्थितीत, खाऊन-पिऊन सुखी. 'बेटर हाफ' म्हणजे बायको. सोळाव्या शतकात फिलिप सिडनी या इंग्रज लेखकाच्या गद्यात हा प्रयोग नवरा-बायकोसाठी आला, आणि आता लग्नाच्या वाढदिवसाच्या केकवरही येतो. नवऱ्यालाही बेटर हाफ म्हणता येते, पण आपल्याकडे तसे कोणी म्हणत नाही, यावर काय ते वाचक भगिनींनीच बोलावे. 'टू गेट द बेटर ऑफ' म्हणजे मात करणे: राग माझ्यावर स्वार झाला, असे सांगायला. 'टू बेटर' हे क्रियापदही आहे, सुधारणे. आणि बेटरचा एक अगदी परका जुळा आहे. पैज लावणाऱ्यालाही इंग्रजीत बेटर म्हणतात. अमेरिकेत त्याचे स्पेलिंग वेगळे करतात, इंग्लंडमध्ये बरेचदा नाही. क्रिकेटच्या दिवसांत इंग्रजी बातमीत असे बेटर भेटले तर ते सट्टेबाज समजावेत. नाव बेटर, काम हराम.

मराठीचा स्वतःचा बेटर कोणता, असे विचाराल तर आम्ही 'उजवा' सांगू. थोरलीपेक्षा धाकटी उजवी. उजव्या हाताला मान म्हणून हा अर्थ आला, आणि 'डावे' म्हणजे कमी प्रतीचे. हा शब्द स्थळे पाहताना सर्रास चालतो, बहुतेक वेळा त्या दोन्ही बहिणी पडद्याआड ऐकत असताना. आमचे स्पष्ट मत आहे की भावंडांसमोर भावंडांची तुलना करू नये. अकबर आणि असगर या नावांत वयाचा फरक आहे, अकलेचा नाही. आणि मुलाखतीला आलेल्या पाहुण्यांनी "दोघींत बेटर कोण?" असे विचारलेच, तर घरच्यांनी कशात, असे उलट विचारायला संकोच करू नये. स्वयंपाकात, शिक्षणात, की रंगात? बहुतेकदा रंगातच असते, आणि ते त्यांच्याच तोंडून बाहेर आलेले बरे.

शाळेचेही तेच आहे. सध्या चिखलीजवळच्या एका घरात हा विषय गाजतो आहे. मुलगा पहिलीत जायचा. पाच मिनिटांवर जिल्हा परिषदेची उर्दू शाळा आहे, आणि तालुक्याच्या गावी नवीन इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली आहे. तिच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'बेटर एज्युकेशन'. कोणापेक्षा बेटर, ते फलकावर नाही. मुलाची आई स्वतः डी.एड. झालेली. तिने वहीचे पान घेऊन दोन रकाने पाडले. एका बाजूला उर्दू शाळा: फी नाही, दुपारचे जेवण, घरची भाषा, बाई ओळखीच्या, पण दोन वर्ग मिळून एकच शिक्षिका. दुसऱ्या बाजूला इंग्रजी शाळा: गणवेश, गाडी, प्रत्येक वर्गाला वेगळी शिक्षिका, वर्षाची फी घरच्या सोयाबीनच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. मग ती दोन्ही शाळांत जाऊन बसली आणि तिसरीच्या मुलांकडून एक-एक परिच्छेद वाचून घेतला. उर्दू शाळेतल्या मुलाने वाचला आणि त्याचा अर्थ सांगितला. इंग्रजी शाळेतल्या मुलाने जास्त सफाईने वाचला, अर्थ त्याला सांगता आला नाही.

वडिलांचे म्हणणे, चौथीपर्यंत इथेच राहू द्या, घरी इंग्रजी मी घेईन. आजोबांना फलक आवडला आहे. आईने वहीत तिसरा रकाना पाडून त्यात सेमी-इंग्रजी मराठी शाळेचे नाव लिहिले आहे आणि सोमवारी ती तिथे जाऊन बसणार आहे. प्रवेशाची मुदत अजून आठ दिवस आहे.